दिवा कशाला टांगलाय?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले तीन शनिवार-रविवार ऑफिसने खाल्ले आणि एक रविवार मी नुसता झोपून काढला. आत्ता पालीला घरी आलोय. खिडकीतून सरसगड दिसतोय, म्हणजे दिसायला हवा, पण सकाळपासून ढगात आहे. नेट चालू आहे, लाइटही गेलेली नाही. तेव्हा लिहून घेतो.

विषय रुक्ष आहे हे आधीच सांगतो. फॉल्स सीलिंगमधले दिवे. तेही खरे नाहीत, कॉम्प्युटरमधले. ज्यांना एवढ्यावरच जांभई आली त्यांनी खुशाल विंडो बंद करावी, राग नाही. पण यात एक नोकरीतली भानगड आहे आणि त्या भानगडीत मी काही फार शहाणा ठरलेलो नाही, त्यामुळे वाचायला मजा येईल असं वाटतं.

मी नक्की काय काम करतो हे आमच्या नातेवाइकांना आजतागायत कळलेलं नाही. "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर भागतं. पुण्यातल्या ज्या कंपनीत मी आहे ती परदेशातल्या आर्किटेक्ट आणि इलेक्ट्रिकल कन्सल्टंट लोकांसाठी इमारतींची मॉडेलं बनवते. याला बिम म्हणतात. साधं ड्रॉइंग म्हणजे रेघा. बिममध्ये भिंत ही भिंत असते, दार हे दार असतं, आणि दाराला आपण कुठल्या भिंतीत आहोत हे माहीत असतं. ब्रिटनने २०१६ पासून तिथल्या केंद्र सरकारच्या कामांना हे सक्तीचं केलं. आपल्याकडे नागपूर मेट्रोने याचा बराच वापर केला. आमच्याकडे सगळं काम रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. ते पहिल्यांदा २००० साली आलं आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलं. म्हणजे वयाने आमच्या टीममधल्या काही पोरांएवढंच आहे.

मी स्वतः सिव्हिलवाला नाही की इलेक्ट्रिकलवाला नाही. मी आयटीवाला. मॉडेल करणाऱ्यांचं तेच ते काम वाचावं म्हणून स्क्रिप्ट लिहायच्या, हे माझं काम. आणि कुठे काही अडलं की "बघ ना जरा" म्हणून मला बोलावतात. त्यातल्या निम्म्या हाका सीलिंगमधल्या दिव्यांसाठी असतात.

का? तेच सांगतो.

ऑफिसातलं किंवा हॉस्पिटलमधलं सीलिंग आठवा. चौकोन चौकोन असतात ना, दोन फूट बाय दोन फूट? ते चौकोन म्हणजे टाइल, आणि टाइल ज्या पांढऱ्या पट्ट्यांवर बसतात ती ग्रिड. आता गंमत अशी की रेव्हिटमध्ये सीलिंग ही वस्तू आहे, दिवा ही वस्तू आहे, पण ग्रिड ही वस्तू नाही. ते नुसतं चित्र आहे. सीलिंगच्या मटेरियलवर काढलेली नक्षी, साडीच्या चौकड्यांसारखी. मोजून काढलेली, मापात बसणारी, पण नक्षीच. एकेक टाइल उचलता येत नाही, पट्टी मोजता येत नाही, आणि दिव्याला "तू या चौकोनात बस" असं सरळ सांगता येत नाही.

आणि आमचं काम तर आणखी लांबून. सीलिंग असतं आर्किटेक्टच्या फाइलमध्ये. दिवे आमच्या फाइलमध्ये. त्यांची फाइल आमच्या फाइलखाली काचेसारखी ठेवलेली असते, दिसते पण हात लावता येत नाही. नवीन आलेला प्रत्येक जण इथे एकदा तरी आपटतो. तो लायब्ररीतून सीलिंगवर बसणारा दिवा उचलतो आणि ठेवायला जातो, तर माऊसला लाल फुली. दिवा बसतच नाही. कारण तसल्या दिव्याला आपल्याच फाइलमधलं सीलिंग लागतं, दुसऱ्याच्या फाइलमधलं चालत नाही. तिथे फेस-बेस्ड दिवा घ्यावा लागतो, म्हणजे कुठल्याही पृष्ठभागाला चिकटणारा. हे एकदा कळलं की सुटलं. पण कळेपर्यंत एक दुपार जाते.

दुसरी हाक येते ती "दिवे दिसत नाहीत" म्हणून. सीलिंगचा नकाशा बघण्याची तऱ्हाच न्यारी आहे. छताकडे मान वर करून बघितलं तर डावं-उजवं उलटं होतं, मग खालच्या मजल्याच्या नकाशाशी ते जुळणार कसं? म्हणून असं धरायचं की जमिनीवर आरसा पसरलाय आणि आपण वरून आरशात बघतोय. त्यात छत सुलटं दिसतं. या नकाशाला उंचीची मर्यादा घालून द्यावी लागते, इथून वर इथपर्यंतचंच दाखव. सीलिंग त्या मर्यादेच्या वर गेलं की दिव्यांसकट गायब. लोक तासभर दिवे शोधतात. दिवे जागेवर असतात, आपणच मान तेवढी वर केलेली नसते.

तिसरी हाक: "रेंडर काळं येतंय." यावर फार बोलत नाही. बहुतेक वेळा रेंडरच्या सेटिंगमध्ये प्रकाश नुसता सूर्याचा ठेवलेला असतो आणि खोलीला खिडकी नसते. नाहीतर मग दिव्याचा प्रकाशबिंदू सीलिंगच्या वर अडकलेला असतो आणि बिचारा पोकळीत उजेड पाडत बसतो.

चौथी जरा गमतीची. पहिला दिवा बरोबर टाइलमध्ये बसलेला, दुसरा जवळजवळ बरोबर, आणि विसावा वीतभर बाहेर. यावर मी नवीन पोरांना आमच्या पालीचं उदाहरण देतो. बल्लाळेश्वराचा सभामंडप ४० फूट लांब आणि २० फूट रुंद आहे असं सांगतात. (कोणी देवळात फॉल्स सीलिंग करायला निघालेलं नाही, भाविकांनी शांत राहावं.) अमेरिकन दोन फुटी टाइल लावली तर लांबीत २०, रुंदीत १०, एकूण २००, हिशोब चोख. आता आपली ६०० मिलिमीटरची टाइल लावा. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. एका टाइलमागे ९.६ चा फरक, डोळ्याला कळतही नाही. वीस टाइलमागे १९२. म्हणजे विसाव्या टाइलनंतर भिंतीपाशी साडेसात इंचाची फट उरली. आमच्याकडे इमारत अमेरिकेतली, ग्रिड फुटांची, आणि पोरगं घाईत दिवे ६०० च्या अंतराने ओळीत मांडून मोकळं होतं. मग सॉफ्टवेअरला शिव्या.

बरं, ती साडेसात इंचाची फट तशीच एका बाजूला ठेवायची का? नाही. चांगला सीलिंगवाला कडेला बारीक तुकडा येऊ देत नाही, तो दिसतो वाईट आणि टिकतही नाही. तो मधली एक टाइल कमी करतो आणि उरलेलं दोन्ही कडांना वाटतो. वीसऐवजी १९ अख्ख्या, आणि दोन्हीकडे ३९६ मिलिमीटरचे तुकडे. अर्ध्या टाइलपेक्षा मोठे. हे सॉफ्टवेअरला माहीत नाही. खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं.

बाबा वायरमन. लायसन्सवाले. पालीतल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या कित्येक घरांतलं वायरिंग त्यांच्या हातचं आहे. लहानपणी मी शिडी धरायला जायचो. इंजिनियरिंगला गेल्यावर शिडी सुटली. ("आता साहेब झाला", हे आई म्हणायची, बाबा नाही.)

आता भानगडीकडे येतो.

अमेरिकेतल्या एका शाळेच्या इमारतीचं काम होतं. शुक्रवारी संध्याकाळी आर्किटेक्टची नवीन फाइल आली. त्यांनी खालच्या मजल्यावरचं सगळं सीलिंग पुसून नव्याने काढलं होतं. त्यांनी नुसती उंची बदलली असती तर आमचे दिवे आपोआप वर-खाली झाले असते. पण पुसून नव्याने काढलं की ती दुसरीच वस्तू. आमचे ३१२ दिवे जुन्या सीलिंगला चिकटलेले होते, ते सीलिंगच राहिलं नाही. अशा वेळी रेव्हिट दिवे पुसत नाही. ते जिथे होते तिथेच हवेत लटकत राहतात, आणि वॉर्निंग येते की यांचा आधार गेलाय, बघून घ्या. आमच्या भाषेत ऑर्फन. अनाथ दिवे.

हे नेहमीचंच. आणि यावरच मी दिवाळीच्या सुमाराला एक स्क्रिप्ट लिहिली होती, जिचा मला भलताच अभिमान होता. वापरणाऱ्याने ग्रिडचा एक कोपरा माऊसने दाखवायचा, टाइलचं माप भरायचं, बटण दाबायचं. स्क्रिप्ट प्रत्येक दिवा उचलते, सगळ्यात जवळच्या टाइलचा मध्य काढते (साधा भागाकार आहे), तिथे ठेवते, नवीन सीलिंगला चिकटवते. दोन तासांचं काम ४० सेकंदांत. वॉर्निंगची यादी कोरी. हे मी एका मीटिंगमध्ये दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या, खरंच.

त्या शुक्रवारी आमच्या टीममधल्या एका मुलीने ती स्क्रिप्ट चालवली. सिव्हिलचा डिप्लोमा, सांगलीकडची, कामाला चोख. तिने नकाशा डोळ्यांखालून घातला, सगळे दिवे आपापल्या चौकोनात ठीक मध्यावर, एकदम देखणं. फाइल गेली.

साधारण पाच आठवड्यांनी तिकडून पत्र आलं. साइटवरच्या इलेक्ट्रिशियनने कन्सल्टंटला लेखी विचारलं होतं: बाहेर जाण्याची पाटी तुम्हाला झाडू-फडक्याच्या खोलीच्या आत का हवी आहे?

'एक्झिट' लिहिलेल्या, आतून उजळणाऱ्या त्या पाट्या. रेव्हिटमध्ये त्याही दिव्यांच्याच गटात येतात. त्या दाराजवळ, भिंतीला खेटून टांगलेल्या असतात. नव्या ग्रिडमध्ये काही भिंतींपाशी टाइलचे सहा-सहा इंचांचे तुकडे आले होते. माझ्या स्क्रिप्टला तुकडा कळत नाही, तिला अख्खी टाइलच माहीत. सहा इंच दिसणाऱ्या टाइलचा मध्य कुठे? भिंतीच्या पलीकडे. तर स्क्रिप्टने इमानेइतबारे नऊ पाट्या उचलल्या आणि भिंतीपलीकडे नेऊन ठेवल्या. काही झाडूच्या खोलीत, एक मुलांच्या बाथरूममध्ये. नकाशात हा फरक दोन-तीन मिलिमीटरचा दिसतो, आणि चिन्ह भिंतीच्या रेघेवरच असतं.

शाळा. आग लागली, धूर झाला, पोरं कॉरिडॉरमध्ये आली आणि वर बघितलं तर पाटीच नाही. तसं होऊ शकलं असतं का? बहुतेक नाही, कारण शेवटी कोणीतरी तपासतंच, आणि तपासलंच की. पण तपासलं कोणी, तर शिडीवर चढलेल्या माणसाने. आमच्यापैकी कोणी नाही.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे. सोमवारी सकाळी मीटिंग झाली. मॅनेजरने मॉडेल उघडलं, एका पाटीवर माऊस नेला, आणि तिथे शेवटचा बदल कोणी केला ते नाव आलं. तिचं. अर्थात तिचंच येणार, बटण तिने दाबलं होतं. स्क्रिप्ट कोणी लिहिली ते तिथे येत नाही. तिला विचारलं, "चेक नव्हतं केलं?" ती म्हणाली, "केलं होतं, पण पाट्या एकेक करून नाही बघितल्या." "नेक्स्ट टाइम काळजी घे." अप्रेझलचे दिवस. सगळ्यांना कळलं की याची नोंद झाली.

मी त्या मीटिंगमध्ये होतो. मला त्याच क्षणी कळलं होतं काय झालंय ते. भागाकार माझा होता. मी काही बोललो नाही.

का नाही बोललो याची कारणं मी स्वतःला बरीच सांगितली. खात्री करून घेऊ. आधी कोड बघू. सगळ्यांसमोर कशाला, नंतर एकट्याला गाठून सांगू. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत होतं. शनिवारी घरी चालवून बघितली मी." तिला माहीत होतं, आणि तिने मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं नाही. पुढे काय बोलायचं ते मला सुचेना. मग मी मॅनेजरला मेल टाकली, सगळं लिहून. उत्तर आलं, "नोटेड."

त्या शनिवारी पालीला आलो ते डोकं जड घेऊनच. बाबा एका पतसंस्थेच्या ऑफिसात दिवे बसवत होते, पोऱ्या आला नव्हता. म्हणाले, "येतोस का शिडी धरायला?" गेलो. ग्रिडचं सीलिंग नुकतंच झालेलं, मधे मधे दिव्यांसाठी चौकोन मोकळे. बाबांनी शिडी लावलीच नाही. आधी खडू घेतला आणि जमिनीवर फुल्या मारत सुटले. इथे कॅशियर बसणार, इथे काउंटरची कड, इथे तिजोरीचं दार, इथे माणसं रांगेत उभी राहणार. मग ओळंबा घेऊन शिडीवर. वरून दोरी सोडायची, खाली ओळंबा फुलीवर आला की वरती खूण.

मी बघत राहिलो. जमिनीवर आरसा ठेवून छत बघणं, जे मी नवीन पोरांना तावातावाने शिकवतो, ते हेच की! फक्त मी ते नकाशा सुलटा दिसावा यासाठीची युक्ती म्हणून शिकवत होतो. दिवा कुठे हवा हे छतावर ठरत नाही, जमिनीवर ठरतं, हे त्यातलं खरं म्हणणं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

एका ठिकाणी फुली आणि मोकळा चौकोन जुळेना. तिजोरीसमोर. मी म्हटलं, "बाबा, जवळच्या चौकोनात टाका ना, फुटाचाच तर फरक आहे." ते म्हणाले, "मग तिजोरी उघडणाऱ्याची सावली तिजोरीतच पडेल. नोटा मोजणार कशा?" सीलिंगवाल्याला फोन लावला, तो संध्याकाळी येऊन एक पट्टी हलवून गेला. चहा-पाणी धरून वीस मिनिटं.

मग दिवा वर चढवला. मी खालून दिवा हातात देऊन म्हटलं, "ठेवा चौकोनात, बसेल." बाबा म्हणाले, "आणि टांगलाय कशाला?" मी म्हटलं, "उजेडासाठी." ते हसले. "अरे, कशाला म्हणजे कशाच्या आधाराने?" मग दाखवलं. दिवा ग्रिडवर नुसता टेकवायचा नाही. स्लॅबला हुक मारून दोन कोपऱ्यांना दोन तारा. ग्रिड टाइलचं वजन घ्यायला केलेली असते. शिवाय आपल्याकडच्या पावसात टाइल फुगतात, खाली झुकतात, पट्ट्यांना गंज चढतो. "सीलिंग उद्या पडेल, परवा बदलतील. दिवा पडता कामा नये."

म्हणजे बघा. आमच्या मॉडेलमध्ये दिव्याचा आधार सीलिंग. सीलिंग गेलं की दिवा अनाथ. प्रत्यक्षात दिवा टांगलेला असतो स्लॅबला, आणि जागा ठरलेली असते जमिनीवरच्या माणसामुळे. सीलिंगचा संबंध इतकाच की मधे एक चौकोन मोकळा सोडायचा. आम्ही सगळ्यात कच्चा धागा पकडलाय आणि त्यालाच आधार म्हणतोय.

यात सॉफ्टवेअरला दोष द्यावा असं मला आता वाटत नाही, आणि माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. उलट रेव्हिट प्रामाणिकपणे वागलं होतं. आधार गेला तेव्हा ते म्हणालं, मला या ३१२ दिव्यांबद्दल आता खात्री नाही, तुम्ही बघा. वॉर्निंग म्हणजे चूक नव्हे, तो विचारलेला प्रश्न आहे. ३१२ प्रश्न होते. माझ्या स्क्रिप्टने त्यातल्या एकाचंही उत्तर दिलं नाही, फक्त विचारणाऱ्याचं तोंड बंद केलं. आणि वर चित्र असं देखणं करून ठेवलं की बघणाऱ्याला शंकाही येऊ नये. दिवे वेडेवाकडे लटकत राहिले असते तर तिने एकेक बघितला असता. चौकोनाच्या मध्यावर बसलेल्या दिव्याकडे कोण कशाला बघेल?

आणि उलटही आहे, ते जास्त भयंकर. आर्किटेक्टने सीलिंग न पुसता नुसती ग्रिड अर्ध्या टाइलने सरकवली, तर सीलिंग तेच राहतं, आधार शाबूत, दिवे सगळे पट्ट्यांवर आलेले, आणि वॉर्निंग एकही नाही. कारण सरकलं ते चित्र. म्हणजे "वॉर्निंग शून्य" या आकड्याला काही अर्थ नाही. आमच्याकडे मात्र दर शुक्रवारी तो आकडा रिपोर्टमध्ये जातो, हिरव्या रंगात.

मला माहीत आहे यावर काय म्हणतील. एका टीमचीच पोरं तीन-तीन प्रोजेक्टवर, रात्री अमेरिकेचे कॉल, ३१२ दिवे एकेक करून बघायला वेळ कोणाला आहे? बरोबर आहे. पण मग मशीनला काय काम द्यायचं ते तरी नीट द्या. जे ९०-९५ टक्के दिवे नव्या ग्रिडमध्ये काही इंच सरकून बसतात, त्याच खोलीत राहतात, कोणाच्या डोक्यावर येत नाहीत, ते हलवू दे मशीनला. पण ज्याची खोली बदलते, जो भिंतीच्या फूटभर आत आहे, जो पाटी आहे किंवा इमर्जन्सी दिवा आहे, त्याला हात लावायचा नाही. त्याची यादी करायची आणि माणसाच्या हातात द्यायची. ही विभागणी मी पहिल्या दिवशीही करू शकलो असतो. दिवा कुठल्या खोलीत आहे हे रेव्हिट सांगतं, दोन ओळींचा कोड आहे. (तिथेही मेख आहे: खोलीची उंची सीलिंगच्या खालीच संपवली असेल तर वरचा दिवा कुठल्याच खोलीत नाही असं उत्तर येतं.) मी तो लिहिला नाही, कारण मग स्क्रिप्ट शेवटी "४१ दिवे बाकी आहेत" असं म्हणाली असती, आणि मीटिंगमध्ये त्याला टाळ्या पडल्या नसत्या.

दुसरं म्हणणं अजून अप्रिय आहे. आमच्या टीममध्ये बावीस जण आहेत. त्यातल्या किती जणांनी फॉल्स सीलिंगच्या वर डोकं घालून बघितलंय? मी विचारलं. तिघांनी. ऑफिसच्या डोक्यावरच एक सीलिंग आहे! एक टाइल वर ढकलून आत बघायला स्टूल पुरतं. डक्ट, स्प्रिंकलरचे पाइप, केबल ट्रे, तारा, सगळं एकमेकांच्या उरावर. मॉडेलमध्ये हे चार वेगवेगळ्या फाइलींत, चार वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतं, आणि त्यांच्यामधली ती नक्षी कोणाचीच नसते. आम्हाला सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग दर तीन महिन्यांनी मिळतं. साइटवर दोन दिवस न्या म्हटलं की "बजेट नाही". अमेरिकेला नका नेऊ, हिंजवडीत रोज कुठेतरी सीलिंग बसतंय.

पालीच्या लोकांना या सगळ्याचं नवल वाटू नये. बल्लाळेश्वराचं देऊळ आधी लाकडी होतं, १७६० च्या सुमाराला फडणवीसांनी ते दगडात बांधलं. देऊळ पूर्वाभिमुख आहे आणि दक्षिणायनाच्या शेवटी, हिवाळ्यात, उगवतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात अशी त्याची ठेवण असल्याचं आम्ही लहानपणापासून ऐकतो. मी शाळेत असताना एकदा थंडीत कुडकुडत बघायला गेलो होतो. गर्दीत मला पुढच्या माणसाची टोपी तेवढी दिसली. पण तेव्हा हे कधी डोक्यात आलं नाही की बांधणाऱ्याने उजेड कुठे पडायला हवा हे आधी धरलं आणि दाराची, मंडपाची जागा त्यावरून काढली. मूर्तीवर फुली, आणि तिथून मागे मागे.

असो. फारच गोडवे गायला लागलो.

स्क्रिप्ट बदलली आहे. आता ती हलवते कमी आणि विचारते जास्त. टीममध्ये दोघे-तिघे कुरकुरतात की पूर्वीची बरी होती. ती मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि अप्रेझलची पत्रं अजून यायची आहेत. तिची नोंद पुसली का हे मी मॅनेजरला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "बघतो" म्हणाला. सोमवारी तिसऱ्यांदा विचारणार आहे, या वेळी तिच्या समोर.

त्याच शाळेच्या वरच्या मजल्याचं सीलिंग परवा बदलून आलं. यादीत २७ दिवे निघाले. काल रात्री इथे बसून मी आणि बाबांनी एकेक बघितला. बाबांना नकाशा वाचायला दोन मिनिटं लागली, फक्त फुटांच्या ऐवजी मीटरमध्ये दाखव म्हणाले. २६ सुटले. एक राहिलाय, शिक्षकांच्या खोलीत, कोपऱ्यात, कपाटाच्या बरोबर वर. बाबा म्हणतात तिथे आधी टेबल असणार, कपाट नंतर आलंय. असेलही. आर्किटेक्टला विचारायला हवं, पण तिकडे अजून शुक्रवारची रात्र आहे.